उतरंडीचे गोळे

फुलपाड्यात बिल्डिंगा अजून बोटांवर मोजता येत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी लग्न ठरलं की विरारची माणसं हॉल बघायच्या आधी चंद्रहास कुंभाराच्या अंगणात यायची. हॉल आज हा नाही तर उद्या तो, पण उतरंड चंद्रहासच्याच हातची हवी. मांडवात नवरा-नवरीच्या शेजारी एकावर एक पाच मडकी रचायची, खाली डेऱ्याएवढं आणि सगळ्यांत वर मुठीत मावेल असं बोळकं, त्यावर चुन्याचे पट्टे आणि गेरूची वेलबुट्टी. उतरंड कुठेही मिळायची म्हणा. पण दुसऱ्यांची उतरंड सुतळीने बांधावी लागायची आणि पोरांना तिच्यापासून हाकलायला एक म्हातारा कायमचा नेमावा लागायचा. चंद्रहासची उतरंड अशी बसायची की वरच्या मडक्याचं बूड खालच्याच्या तोंडात घरी आल्यासारखं टेकायचं. मांडवात पोरं नाचोत, वऱ्हाड नाचो, ती हलायची नाही.

"डोळ्यात तराजू आहे त्याच्या," लोक म्हणायचे. चंद्रहास हे ऐकून नुसता विडी पेटवायचा. स्वतःचं कौतुक ऐकताना गप्प बसायचं, म्हणजे समोरचा आणखी करतो, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या अंगणाची सकाळ ज्यांनी पाहिली त्यांना ती अजून आठवते. जीवदानीच्या डोंगरावरून ऊन उतरायच्या आत चंद्रहासची बायको रंभा माती तुडवायला लागलेली असायची. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, टाचेने मातीला गोल गोल दाबत जायची, मधेच वाकून खडा काढून फेकायची. ओल्या मातीचा आणि शेजारच्या चुलीवरच्या चहाचा वास एकत्र यायचा. मग चंद्रहास यायचा, काठीने चाकाला वेग द्यायचा, आणि ते घरघरायला लागलं की आळीतल्या लोकांना वाटायचं, चला, दिवस सुरू झाला. बाया चाकाला हात लावत नाहीत, ही त्यांच्यातली रीत. रंभाचं काम चाकापर्यंत. माती भिजवणं, तुडवणं, मळणं आणि गोळे करून देणं. बरेच कुंभार मोठा लोंदा चाकावर चढवतात आणि त्यातूनच एकेक भांडं दोऱ्याने कापून उतरवतात. चंद्रहासच्या आज्यापासून मात्र या घरात पद्धत वेगळी होती: प्रत्येक मडक्याचा गोळा वेगळा. रंभा गोळे करायची, चंद्रहास न बघता हात लांब करायचा, गोळा घ्यायचा आणि मडकं वर काढायचा. बोलणं असं फारसं व्हायचंच नाही. संसारही त्यांनी बहुतेक असाच केला.

रंभा काविळीने गेली. आषाढात आजारी पडली आणि श्रावण तिने पाहिला नाही. चंद्रहासने चाकाची काठी माळ्यावर टाकली आणि गुजरातहून ट्रकने येणारी तयार मडकी विकायला बसला. लोक उतरंड मागायला यायचे, तो "आता नाही" म्हणायचा. कोणी फार मागे लागलं तर खेकसायचा. दुःखाचा एक प्रकार असा असतो की तो माणसाला नुसता चिडका करून ठेवतो, आणि चंद्रहासच्या वाट्याला नेमका तोच आला होता.

पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं, संपदाचं लग्न ठरलं. संपदा वसईला एका वकिलाकडे टायपिंग करायची. मुलगा सुमेध, बोळींजचा, घराणं मूळचं राजापूरकडचं. त्याचा आजा चाकावर बसायचा, बाप नोकरीला लागला आणि चाक गावीच राहिलं. त्यामुळे त्या घराला उतरंड काय चीज असते ते ठाऊक होतं. आणि कुंभाराच्या लेकीच्या लग्नात उतरंड विकत आणायची नसते, ती बापानेच आपल्या चाकावरून उतरवायची असते, हेही दोन्ही घरांना ठाऊक होतं. ती मांडवात कलंडली तर लोक मडक्याला दोष देत नाहीत, बापाला देतात.

संपदाने एवढंच म्हटलं होतं, "बाबा, बाकी काही नसलं तरी चालेल. उतरंड तुमच्या हातची पाहिजे."

चंद्रहासने काठी माळ्यावरून काढली. मातीच्या खड्ड्यावरची गोणपाटं उचलली. आत रंभाने शेवटची भिजवून ठेवलेली माती होती, अजून लोण्यासारखी. ती ज्या शेतातून यायची ते शेत आता उरलं नव्हतं. तिथे भरणी पडली होती आणि कोणा बिल्डरचा बोर्ड लागला होता. खड्ड्यात आहे ती शेवटची, एवढं त्याला कळत होतं. पण उतरंड म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. दोन उतरंडींची माती आहे, एक चुकली तरी एक आहे, आणि आपली कशाला चुकतेय, असा त्याचा हिशोब होता.

त्याने स्वतःच माती मळली, स्वतःच पाच गोळे केले आणि पाच मडकी उतरवली. ओली असताना ती चांगलीच दिसत होती. चोपली, सुकवली, आव्यात भाजली. थंड झाल्यावर अंगणात रचायला घेतली. दुसरं पहिल्यावर बसलं. तिसरं दुसऱ्याच्या काठावर नुसतं टेकलं, म्हाताऱ्याच्या नाकावरच्या चष्म्यासारखं. चौथं तिसऱ्याच्या पोटातच गेलं. बोळकं चंद्रहासच्या हातातच राहिलं.

मग नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं, तसं झालं. आधी त्याने मातीला शिव्या दिल्या, वर्षभर पडून मेली म्हणाला. मग चाकाला दिल्या, खुंटी झिजली म्हणाला. मग आव्याला, मग वाऱ्याला. शिव्या संपल्या तेव्हा दुपार झाली होती आणि मडकी होती तशीच होती. भाजलेली माती काही परत ओली होत नाही. एका उतरंडीची माती गेली ती गेली.

आता एकच उरली होती, आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला होतं.

स्वयंपाकघरात चिंच ठेवायला रंभाने एका जुन्या उतरंडीतलं मधलं मडकं वापरात घेतलं होतं. चंद्रहासने चिंच ताटात ओतली, मडकं काखेत मारलं आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन ते तराजूत घातलं. वाण्याला वाटलं, म्हातारा आता मडकी किलोवर विकणार. चंद्रहासने वजन मनात धरलं, तराजू तासाभरापुरता मागून घरी आला आणि तेवढ्याच मातीचा गोळा वाण्याच्याच मापाने करून चाकावर ठेवला. मडकं वर आलं ते भातुकलीत शोभलं असतं. भाजलेल्या मडक्यातलं पाणी आव्यात उडून गेलेलं असतं, ते ओल्या मातीच्या वजनाला कुठून पुरणार, हे कुंभाराच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. उभा जन्म चाकावर काढलेल्या चंद्रहासला ते आठवलं नाही. कारण किती माती, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्याने ते मडकं मुठीने दाबलं, माती परत खड्ड्यात टाकली आणि पायरीवर बसून राहिला.

तो तसा बसलेला असतानाच वसईतल्या पापडीची बेटी नावाची ख्रिस्ती बाई आली. बेटी त्याचं जुनं गिऱ्हाईक. दर नाताळाच्या आधी सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचा आंबट-तिखट रस्सा, शिजवायला तिला नवं मडकं लागायचं, आणि त्यासाठी ती पापडीहून दोन गाड्या बदलून फुलपाड्याला यायची. वसईत मडकी मिळत नाहीत का, असं तिला तिचा नवरा सिप्रियन दरवर्षी विचारायचा आणि ती दरवर्षी यायची. चंद्रहासने तिला गुजरातच्या मालातलं एक मडकं दाखवलं. तिने ते बोटाने वाजवलं, आत हात घालून पाहिला आणि खाली ठेवलं. म्हणाली, हे कोणाच्याही घरचं आहे, माझ्या घरचं नाही.

चंद्रहासला राग आला. मडकं ते मडकं, गेली कित्येक वर्षं मी तुला एकाच मापाचं मडकं देतोय, असं काहीसं तो बोलला. 

"एका मापाचं?" ती म्हणाली. "चंद्रहासभाऊ, रंभाबाय मला दरवर्षी विचारायची, यंदा घरात किती जणं. माझा मोठा दुबईला गेला तेव्हा तिने माझ्यासमोर गोळ्यातून मूठभर माती काढली. तो परत आला, त्याचं लगीन झालं, तेव्हा ती मूठ परत घातली, आणि सुनेची म्हणून वर एक चिमूट. माझ्या मडक्यात कधी रस्सा उरला नाही का कमी पडला नाही."

"मला नाही बोलली ती कधी."

"तुम्हाला काय बोलायचं? तुम्ही चाकावर. चाक फिरताना तुम्हाला कोणाचं ऐकू येत होतं?"

हे ती भांडायला बोलली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की हे त्याला माहीत असणार. मग तिने रंभाची आठवण काढून डोळे पुसले, लग्नाचं निमंत्रण घेतलं आणि मडकं न घेताच गेली.

चंद्रहासला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि लाज वाटली, आणि थोडा रंभाचा रागही आला. सांगायचं नाही का एकदा तरी? डोळ्यात तराजू, डोळ्यात तराजू, असं लोक त्याला म्हणत होते तेव्हा ती तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेली असायची. तोंडातून कधी चकार शब्द निघाला नाही. एकदा तर कोणीतरी तिलाच विचारलं होतं की तुमच्या मालकांना हा अंदाज कसा येतो, आणि ती हसून म्हणाली होती, देवाची देणगी.

रविवारी संपदा घरी होती. चंद्रहासने तिच्यापुढे फसलेल्या उतरंडीची गोष्ट काढली, म्हणजे काढावीच लागली. बेटी काय बोलली तेही सांगितलं. त्याला वाटलं, पोरगी आश्चर्य करेल. संपदा शांतपणे कांदा चिरत राहिली.

"आई उतरंड आधी गोळ्यांचीच रचायची," ती म्हणाली. "तुम्ही आंघोळीला जायचात ना, तेव्हा. सगळ्यात मोठा गोळा खाली, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. मग लांब त्या पेरूपाशी जाऊन बघायची. मला पण बघायला लावायची. मग इथून थोडी काढ, तिथे थोडी लाव. नीट दिसली की मग ओलं फडकं टाकायची. गोळे उभे राहिले तर मडकी उभी राहतात, म्हणायची."

चंद्रहासने ती गोळ्यांची चळत रोज पाहिली होती. जागा वाचावी म्हणून बाई एकावर एक ठेवते, एवढाच अर्थ त्याने लावला होता.

संपदा म्हणाली, मी करून देते. तो नको म्हणाला. लग्नाला आलेल्या पोरीने चिखलात बसायचं का, हात बघ, लोक काय म्हणतील, असं बरंच काही पुढे केलं. खरं कारण एकच होतं, बायकोच्या जोरावर नाव कमावलं आणि आता लेकीच्या जोरावर टिकवायचं, हे त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. त्याने पुढचे दोन दिवस स्वतःच गोळे रचून पाहिले. रचायचा, पेरूपाशी जायचा, परत येऊन कुठून माती काढावी ते कळायचं नाही. त्याचा डोळा फिरत्या मातीचा होता. थांबलेली माती त्याला वाचता येत नव्हती.

शेवटी मुहूर्त अंगाशी आला. आता सुकायला आणि भाजायला जेमतेम वेळ होता. सकाळी संपदा कामावर निघाली, चपला घालत होती, तेव्हा तो दारातून म्हणाला, "आज नाही गेलीस तर चालेल का?"

तिने चपला काढल्या. आईची जुनी साडी नेसली, खोचली आणि खड्ड्यातली सगळी माती वर काढून तुडवायला लागली. चंद्रहास मुद्दाम आंघोळीला गेला आणि बराच वेळ आतच बसला. बाहेर आला तेव्हा चाकाच्या उजवीकडे ओल्या फडक्याखाली गोळ्यांची उतरंड तयार होती. संपदा शेजारी मांडी घालून बसली होती, रंभा बसायची तिथेच. तो चाकापाशी बसला. काठीने चाकाला वेग दिला आणि हात लांब केला.

गोळा हातात आला आणि त्याला कळलं. असं कळलं, जसं चुलीवरचा वास नाकात आला की भाजी कोणती ते कळतं. एवढी वर्षं त्याच्या तळव्याला ज्याची सवय होती ते हेच होतं. पहिलं मडकं वर आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. त्याला आपण पुन्हा पस्तिशीचे झाल्यासारखं वाटलं, शेजारी रंभा आहे आणि पलीकडे फ्रॉकातली संपदा चिमण्या हाताने मातीचे लाडू वळते आहे. वाटलं, आणि डोळे भरून आले, आणि चौथ्या मडक्याच्या गळ्यावर त्याचं बोट जरासं जास्त दाबलं गेलं. मडकं कुशीवर बसलं. मऊ, लोळागोळा.

चाक थांबलं. खड्डा रिकामा होता. बसलेली माती आता पाणी पिऊन गचगचीत झाली होती, तिला परत मळायला दिवस गेला असता, आणि निराळ्या ओलीची माती निराळी आक्रसते. उतरंड एका बैठकीत झाली तरच एकमेकीत बसते. हे मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

"संपलं," तो म्हणाला. "माझ्या हातून आजवर असं झालं नव्हतं."

संपदाने पाठीमागून, पदराआडून, फडक्यात गुंडाळलेला आणखी एक गोळा काढला आणि त्याच्यापुढे धरला. चौथ्याच्याच मापाचा.

"आई नेहमी एक जास्त ठेवायची," ती म्हणाली. "अशीच, पाठीमागे."

"कशाला?"

तिने गोळ्यावरचं फडकं सोडलं. मग म्हणाली, "तुमचा एखादा बसायचा, बाबा. बहुतेक तिसरा नाहीतर चौथा. आई तुमचं लक्ष नसताना हा जास्तीचा गोळा त्या मापाचा करून घ्यायची आणि त्याच्या जागी सरकवायची. बसलेली माती मला द्यायची खेळायला."

"माझ्या हातून बसायची?"

"बसायची. तुम्ही चाक थांबवून शिव्या द्यायचात, आणि नवा गोळा हातात आला की विसरायचात. आई म्हणायची, त्यांना आठवून नको देऊ. हात घाबरला की मग काहीच वर येत नाही."

 चंद्रहासने डोळे बाहीला पुसले, चाकाला वेग दिला आणि गोळा घेतला. चौथं मडकं वर आलं. मग बोळकं. दोऱ्याने कापून त्याने ते फळीवर ठेवलं तेव्हा त्याचा हात जराही हलत नव्हता.

लग्न आळीतल्याच मैदानात झालं. उतरंड आव्यातून तांबडीलाल निघाली होती. चुन्याचे पट्टे संपदाच्या मैत्रिणींनी ओढले, त्यातला एक वाकडा गेला, पण मडकी सरळ होती. वऱ्हाडातली पोरं तिच्याभोवती शिवाशिवी खेळली. बेटी आणि सिप्रियन पापडीहून आले होते, बेटीने बोळक्याला हळूच बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली. लोक चंद्रहासच्या पाठीवर थाप मारून तेच जुनं वाक्य बोलत होते. तो विडी न पेटवता उभा होता.

अक्षता पडल्यावर वरपक्षाने उतरंड करणाऱ्याचा मान द्यायचा, ही त्यांच्यातली रीत. सुमेधचे वडील ताट घेऊन आले. ताटात टोपी, उपरणं, नारळ. त्यांच्या वडिलांना असा मान कितीदा मिळाला होता ते त्यांनी कौतुकाने सांगितलं आणि टोपी उचलून चंद्रहासच्या डोक्यावर ठेवायला गेले. चंद्रहासने त्यांचा हात हलकेच धरला.

"व्याही, रागावू नका," तो म्हणाला. "हा मान टोपीचा नाही. खणाचा आहे. खण-नारळ असला तर द्या."

कोणाला काही कळेना. लेक चालली म्हणून बापाचं चित्त थाऱ्यावर नाही, असं एकीने दुसरीच्या कानात सांगितलं. सुमेधची आई मात्र पुढे झाली. तिने ओट्यांच्या ढिगातून एक हिरवा खण काढला, त्यावर नारळ ठेवला आणि त्याच्यापुढे केला. चंद्रहासने दोन्ही हात पसरले. खण कसा घ्यायचा असतो ते त्याला ठाऊक नव्हतं. नारळ घसरायला लागला तसा त्याने तो छातीशी धरला.

मग तो लेकीसमोर गेला.

"पदर पुढे कर," तो म्हणाला. "तुझ्या आईचा आहे. तिला आजवर कोणी दिला नाही. मीसुद्धा नाही."

संपदाने पदर पसरला. त्याने खण आणि नारळ त्यात ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून रडला, सगळ्यांसमोर, मोठ्याने. बापाने लेकीची ओटी भरायची रीत कुठेच नाही, पण त्या मांडवात ती भरली गेली.